सी ड्राइव्ह भरला म्हणून संगीताचे सॉफ्टवेअर ओढून हलवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव दोन-अडीच महिन्यांवर आला की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि नवी मुंबईत वाशीपासून खारघरपर्यंत घराघरांतले छोटे स्टुडिओ कामाला लागतात. मंडळाचे गाणे, सोसायटीच्या नाचाचे ट्रॅक, आरत्यांचा संच असे काही ना काही चालू असते. नेमक्या याच दिवसांत २५६ जीबीच्या लॅपटॉपवर सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल होते आणि शेजारचा कोणी जाणकार सांगतो, ‘प्रोग्रॅम फाइल्समधला सगळ्यात मोठा फोल्डर कट कर आणि डीवर पेस्ट कर.’ दुरुस्तीच्या दुकानांतही हा उपाय सर्रास होतो. त्याने काय बिघडते आणि योग्य रीत कोणती, ते लिहीत आहे. जागा थोडी जास्त लागेल, पण अर्धवट सांगण्यातूनच हा घोळ होत आला आहे.

विंडोजमध्ये इन्स्टॉल केलेले सॉफ्टवेअर एका फोल्डरात मावलेले नसते. मुख्य प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समध्ये, सगळ्या वापरकर्त्यांसाठीची माहिती प्रोग्रॅमडेटा या लपवलेल्या फोल्डरात, तुमच्या आवडीनिवडी अ‍ॅपडेटामध्ये, प्रीसेट (जपून ठेवलेली आवाजांची सेटिंग्ज) आणि टेम्प्लेट बहुधा डॉक्युमेंट्समध्ये, आणि या सगळ्यांचे पत्ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत. यातला एक फोल्डर उचलून डीवर ठेवला तर बिऱ्हाड हलते, पण रेशनकार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत पत्ता जुनाच राहतो. डेस्कटॉपवरचे चिन्ह उघडत नाही, ही त्यातली सगळ्यात किरकोळ तक्रार. अनइन्स्टॉलर जुन्या जागी शोधत राहतो आणि काहीच न काढता थांबतो. पुढचे अपडेट पुन्हा सीवरच उतरते, मग एकाच सॉफ्टवेअरच्या दोन प्रती होतात आणि आपण कोणती उघडली आहे हे कळेनासे होते.

जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नसल्यामुळे विंडोज त्यांनी साठवलेल्या फाइल्स गुपचूप अ‍ॅपडेटातल्या लोकलमध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवते. दिसायला त्या मूळ फोल्डरातच असतात. फोल्डर हलवला की वर्षानुवर्षे जमवलेले प्रीसेट ‘गायब’ होतात. खरे तर ते जागचे हललेलेच नसतात. असे झाले असेल तर आधी तिथे बघा, रडारड नंतर.

सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सच्या यादीत काही नावांपुढे ‘मूव्ह’ दिसते, ते वापरू का, असे बरेच जण विचारतात. ती सोय मुळात मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेल्या अ‍ॅप्ससाठी आहे. क्युबेस, एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह ही संगीत-निर्मितीची, नेहमीच्या इन्स्टॉलरने बसवलेली मंडळी तिच्यात बसत नाहीत.

आता मूळ मुद्दा. प्रोग्रॅम हलवून जागा फारशी मिळतच नाही. एखादा व्हीएसटी प्लगइन, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या आत चालणारे वाद्य किंवा इफेक्ट, काही एमबींचा, फार तर शे-दोनशे एमबींचा असतो. खुद्द रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम एक-दोन जीबी, फार तर चार-पाच. जागा खातो तो माल: सॅम्पल लायब्रऱ्या (वाद्यांच्या एकेका स्वराच्या ध्वनिमुद्रणांचे संग्रह), लूप आणि तुमची स्वतःची रेकॉर्डिंग. पाश्चात्य वाद्यवृंदाची एकेक लायब्ररी पन्नास-शंभर जीबींची असते. म्हणून प्रोग्रॅम सीवर जिथे बसला आहे तिथेच राहू द्यावा आणि माल हलवावा, तोही त्या त्या सॉफ्टवेअरला सांगून.

व्हीएसटी ३ प्लगइनची तर जागाच ठरलेली आहे: सीवर प्रोग्रॅम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी ३. हे मानक क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गनेच घालून दिले आहे आणि यजमान, म्हणजे प्लगइन चालवणारे, प्रोग्रॅम तिथेच शोधतात. तो फोल्डर डीवर नेलात तर प्लगइनची यादी रिकामी दिसणारच. जुन्या व्हीएसटी २ ला असे बंधन नव्हते. प्लगइनची डीएलएल फाइल कुठेही ठेवा आणि तो फोल्डर प्रोग्रॅमच्या प्लगइन पथांत जोडा, की झाले. मॅकवर ऑडिओ युनिट प्लगइन मुख्य लायब्ररी फोल्डरात, ऑडिओमधल्या प्लग-इन्समध्ये, कंपोनंट्स या फोल्डरातच लागतात. तिथेही हात लावू नये.

प्रोग्रॅमच डीवर हवा असा हट्ट असेल तर सरळ मार्ग एकच. परवाना संगणकाशी बांधलेला आणि मोजक्याच संगणकांवर चालणारा असेल तर आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा (त्या संगणकावरून परवाना सोडवा), प्रीसेटची प्रत घ्या, अनइन्स्टॉल करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडून डीवरचा फोल्डर द्या. रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम याला अपवाद आहे. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये ‘पोर्टेबल इन्स्टॉल’ अशी चौकट आहे. ती निवडून बसवलेला रीपर आपली सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरात ठेवतो, त्यामुळे तो फोल्डर खुशाल उचलून न्यावा. बाकीचे बहुतेक प्रोग्रॅम इतके समजूतदार नाहीत.

लायब्ररी हलवताना पहिली गोष्ट: कट-पेस्ट नाही, कॉपी. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. ऐंशी जीबीचे कट-पेस्ट मध्येच तुटले की काही फाइल्स इकडे, काही तिकडे, आणि एखादी अर्धवट. डेस्कटॉप संगणक असेल तर यूपीएसवर घ्या, लॅपटॉप चार्जरला लावा आणि संगणक आपोआप झोपी जाण्याची (स्लीप) सोय बंद करून ठेवा. कॉपी संपली की दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा. फाइल्सची संख्या आणि ‘साइझ’च्या ओळीतला बाइट्सचा पूर्ण आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. खालची ‘साइझ ऑन डिस्क’ची ओळ जुळली नाही तर घाबरू नका, प्रत्येक डिस्कची जागावाटपाची पद्धत वेगळी असू शकते.

नवी डिस्क कोणत्या फॉरमॅटची आहे, हेही आधी पाहा. फॅट ३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ती घेतच नाही, आणि लायब्रऱ्यांच्या फाइल्स सहज त्याच्या पुढे जातात. विंडोजसाठी एनटीएफएस ठेवावे. नव्या फोल्डरचा पत्ता लहान आणि रोमन अक्षरांत असावा. ‘माझी वाद्ये’ असे मराठीत नाव द्यायचा मोह होतो, पण काही जुने प्लगइन देवनागरी पत्ता वाचू शकत नाहीत आणि कारण न सांगता बंद पडतात. वापरकर्त्याचे नावच देवनागरीत असेल तर डॉक्युमेंट्सच्या पत्त्यातही ते येते, म्हणून स्टुडिओच्या संगणकावर ते सुरुवातीलाच रोमनमध्ये ठेवावे. लांबीचे कारण वेगळे आहे. बरेच विंडोज प्रोग्रॅम अजूनही २६० अक्षरांपलीकडचा पत्ता ओळखत नाहीत. लायब्रऱ्यांमध्ये आधीच पाच-सहा थर खोल फोल्डर असतात, त्यात तुम्ही आणखी चार थरांखाली ठेवलीत की नेमका शेवटचा स्वर वाजत नाही.

यापुढची पायरी सॉफ्टवेअरप्रमाणे बदलते. कॉन्टॅक्ट हा सॅम्पल लायब्रऱ्या वाजवणारा प्लगइन. त्याच्या नोंदणी असलेल्या लायब्रऱ्यांचे पत्ते नेटिव्ह अ‍ॅक्सेस हे त्याच निर्मात्याचे सॉफ्टवेअर सांभाळते. कॉपी झाल्यावर जुन्या फोल्डराचे नाव बदला, नेटिव्ह अ‍ॅक्सेस उघडा, लायब्ररीपुढे ‘रिपेअर’ येईल, त्यात ‘रिलोकेट’ निवडून नवा फोल्डर दाखवा. नाव बदलणे विसरू नका. जुना फोल्डर तिथेच सापडला तर सॉफ्टवेअर त्यावरच समाधानी राहते, आणि तुम्ही तो पुसल्यावर ऐन रेकॉर्डिंगमध्ये लाल चौकट येते. नोंदणी नसलेल्या, म्हणजे छोट्या निर्मात्यांच्या लायब्रऱ्यांत (आपल्या तबला, ढोलकी, सनईच्या कितीतरी अशाच असतात) वाद्याची फाइल आणि सॅम्पल्सचा फोल्डर एकत्र हलवले तर बहुधा काही करावे लागत नाही, कारण आतले पत्ते एकमेकांच्या सापेक्ष असतात. वेगवेगळे झाले तर सॅम्पल सापडत नसल्याची खिडकी उघडते. तिथे फोल्डर दाखवून वाद्य उघडता येते, पण ती दुरुस्ती त्या वेळेपुरतीच. कायमची करायची तर फाइल मेनूतले ‘बॅच रीसेव्ह’ चालवावे. ते मूळ वाद्यफाइल्सवरच पुन्हा लिहिते, म्हणून आधी प्रत काढून ठेवावी.

क्युबेसच्या हॅलिऑन आणि ग्रूव्ह एजंट या वाद्य-प्लगइनांचा माल स्टाइनबर्ग लायब्ररी मॅनेजरमधून हलतो. तोच फाइल नेतो आणि तोच पत्ता बदलतो, त्यामुळे हाताने काही करू नये. एबलटन लाइव्हमध्ये सेटिंग्जच्या लायब्ररी पानावर यूजर लायब्ररीची जागा आणि पॅक्स (तयार आवाजांचे संच) कुठे बसवायचे ते बदलता येते. एफएल स्टुडिओत ऑप्शन्समधल्या फाइल सेटिंग्जमध्ये यूजर डेटा फोल्डर आहे आणि शेजारीच ब्राउझरला शोधायला द्यायच्या जादा फोल्डरांची यादी. नव्या जागेचा पत्ता त्या यादीत घातला की जुन्या प्रोजेक्टमधले हरवलेले सॅम्पलही बरेचसे आपोआप सापडतात. मॅकवर लॉजिक प्रोच्या मेनूत ‘साउंड लायब्ररी’ आणि त्यात ‘रिलोकेट साउंड लायब्ररी’ आहे. बाहेरची डिस्क मात्र मॅकच्याच फॉरमॅटची, म्हणजे एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड, लागते. दुकानातून आणलेली डिस्क बहुधा तशी नसते.

स्पेक्ट्रासॉनिक्स कंपनीच्या ऑम्निस्फिअर या सिंथेसायझर प्लगइनची तऱ्हा वेगळी, आणि सगळ्यात जास्त माणसे इथेच अडकतात. त्याचा साठ जीबींच्या पुढचा ‘स्टीम’ फोल्डर विंडोजवर प्रोग्रॅमडेटामध्ये, स्पेक्ट्रासॉनिक्सच्या फोल्डरात असतो. तो दुसऱ्या डिस्कवर न्यायचा आणि जुन्या जागी त्याचा शॉर्टकट ठेवायचा, ही निर्मात्याचीच पद्धत आहे. पण विंडोज शॉर्टकट बनवताना नावाला ‘शॉर्टकट’ असे शेपूट जोडते. ते काढून नाव फक्त ‘स्टीम’, मूळ रोमन मोठ्या अक्षरांतले, ठेवले नाही तर प्रोग्रॅम फोल्डर सापडत नाही म्हणून तक्रार करतो. सगळे बरोबर करून या एका शब्दापायी दिवस घालवणारे कमी नाहीत.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये जागा बदलायची सोयच नाही, त्यांच्यासाठी विंडोजची जोडणी, म्हणजे जंक्शन, उपयोगी पडते. जुन्या पत्त्यावर एक पाटी राहते आणि प्रोग्रॅमला फोल्डर तिथेच आहे असे वाटते. क्रम असा: फोल्डर डीवर कॉपी करा, वर सांगितल्याप्रमाणे आकडे जुळवा, सीवरच्या मूळ फोल्डराचे नाव बदलून मागे ‘जुना’ अशा अर्थाचा शब्द जोडा. मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि एमकेलिंक (mklink), स्पेस, स्लॅश जे, स्पेस, अवतरणचिन्हांत सीवरचा पत्ता, स्पेस, अवतरणचिन्हांत डीवरचा पत्ता असे टाइप करा. पत्त्यांचा क्रम उलटा झाला तर जोडणी होत नाही. सीवर त्या नावाचा फोल्डर अजून शिल्लक असेल तर तसे नाव आधीच आहे म्हणून आज्ञा नाकारली जाते. बरेच जण पॉवरशेल उघडतात आणि ‘ही आज्ञाच ओळखत नाही’ म्हणून हात टेकतात. ही आज्ञा जुन्या काळ्या कमांड प्रॉम्प्टची आहे, पॉवरशेलची नाही. जोडणी काढायची असेल तर त्याच खिडकीत आरएमडीआयआर (rmdir) आणि सीवरचा पत्ता, बाकी काही नाही. त्याने फक्त पाटी निघते, डीवरचा माल राहतो.

बाहेरची डिस्क वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली ड्राइव्हच्या अक्षराची. आज डिस्क ई म्हणून येते, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला की तीच एफ होते आणि सगळे पत्ते एका फटक्यात चुकतात. डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मधून तिला वर्णमालेतले शेवटाकडचे अक्षर, समजा एस, एकदाच देऊन टाका. ही पायरी लायब्ररी हलवण्याआधीची आहे, नंतरची नव्हे. दुसरी गोष्ट वेगाची. मोठ्या लायब्रऱ्या प्रत्येक स्वराची फक्त सुरुवात मेमरीत ठेवतात आणि उरलेला स्वर वाजतानाच डिस्कवरून ओढतात. फिरत्या हार्ड डिस्कला प्रत्येक नव्या जागी पोचायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. दहा बोटांचा कॉर्ड, त्यात पेडल दाबलेले, आणि मागे व्हायोलिनचा ताफा, म्हणजे क्षणाला शेकडो ठिकाणांहून वाचन. मग कडकड आवाज येतो, स्वर मध्येच गळतात, आणि दोष साउंड कार्डाला दिला जातो. सॅम्पलसाठी एसएसडीच घ्यावी. ती यूएसबी २ च्या भोकात खोचलीत तर मात्र सेकंदाला तीस-चाळीस एमबींच्या पुढे जाणार नाही, साध्या साटा एसएसडीची कुवत पाचशेच्या वर असली तरी. मोठ्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट पुष्कळदा यूएसबी २ चेच असतात. निळ्या जिभेचे पोर्ट शोधा.

डॉक्युमेंट्स फोल्डर हलवणे त्या मानाने सोपे आहे. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. फक्त डीच्या मुळाशी नेऊ नका, आधी डीवर डॉक्युमेंट्स नावाचा फोल्डर करा. नाहीतर विंडोज अख्ख्या डीलाच डॉक्युमेंट्स समजू लागते आणि ते सोडवणे कटकटीचे होते. मात्र नव्या लॅपटॉपवर डॉक्युमेंट्स बहुधा वनड्राइव्हच्या आत गेलेले असते, आणि फुकट जागा मिळते ५ जीबी. फाइल्स फक्त ढगात ठेवून संगणकावर नुसते नाव ठेवायची सवयही त्याला आहे. प्रोजेक्ट उघडल्यावर अर्धे ट्रॅक इंटरनेटवरून उतरण्याची वाट बघत बसतात. संगीताचे काम वनड्राइव्हच्या बाहेरच ठेवावे.

एवढे करण्याआधी स्वतःच्याच रेकॉर्डिंगकडे पाहिले तर निम्म्या वेळा लायब्ररीला हात लावायची गरज उरत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. आठ माइक लावून तासभर तालीम रेकॉर्ड केली की चार जीबींच्या वर गेलेच. फेकून दिलेले टेक, फ्रीझ केलेल्या (संगणकाचा भार कमी करायला तात्पुरत्या उतरवलेल्या) ट्रॅकच्या फाइल्स, तीन वर्षांपूर्वीच्या जिंगलचे सतरा मसुदे, सगळे सीवर बसून असते. मात्र प्रोजेक्टचा फोल्डर हलवण्याआधी त्यातला माल एकत्र करा: एबलटनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, क्युबेसमध्ये ‘बॅकअप प्रोजेक्ट’, एफएलमध्ये ‘झिप्ड लूप पॅकेज’, रीपरमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना सगळा ऑडिओ प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करायची चौकट. प्रोजेक्ट दिसायला एका फोल्डरात असला तरी त्यातला एखादा टाळ्यांचा आवाज डाउनलोड्समधून ओढलेला असतो, आणि डाउनलोड्स साफ करणे हे घरातल्या दुसऱ्याच कोणाचे तरी आवडते काम असते.

हलवाहलवीनंतर पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडला आणि एखादा प्लगइन किंवा सॅम्पल सापडत नाही असे दिसले, तर काहीही सेव्ह न करता बंद करा. काही प्रोग्रॅम हरवलेल्या प्लगइनची सेटिंग्ज जपून ठेवतात, काही रिकामी जागाच सेव्ह करतात. तुमचा कोणत्या जातीचा आहे याची परीक्षा खऱ्या प्रोजेक्टवर घेऊ नये. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात लॅपटॉपवरून ट्रॅक वाजवायचे असतील तर लायब्ररीच्या भरवशावर जाऊच नये. सगळे ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये उतरवून लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवावेत. बाहेरची डिस्क घरी टेबलावर राहिली तरी प्रयोग होईल.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या संगणक दुरुस्ती दुकानदारांना आणि संगीत-निर्मितीचे वर्ग चालवणाऱ्यांना एक विनंती. ग्राहकाचा सी ड्राइव्ह मोकळा करून देताना कोणता फोल्डर कुठून कुठे नेला, जोडणी केली की सॉफ्टवेअरमधून हलवला, आणि बाहेरच्या डिस्कला कोणते अक्षर दिले, या तीन ओळी पावतीच्या मागे लिहून द्याव्यात. ग्राहकानेही नावे बदललेले जुने फोल्डर किमान पंधरा दिवस पुसू नयेत. या काळात नेहमीचे पाच-सहा प्रोजेक्ट उघडून, प्रत्येक वाद्याचे खालचे आणि वरचे टोक वाजवून पाहावे. आणि डिस्कच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर ठळक ‘एस’ लिहून ठेवावे.

आपला,
एक ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ, ठाणे (पश्चिम)